प्रेक्षकांतली जागा

चिकुनगुन्या उतरला, सांधे मात्र अजून धरलेलेच. पुस्तक हातात पेलवत नाही, म्हणून मांडीवर उशी घेऊन रॉजर एंजेल वाचतोय. बेसबॉल मला धड कळत नाही. कळलाच पाहिजे, असंही आता वाटेनासं झालंय.

एंजेल मुळात ‘न्यूयॉर्कर’मध्ये कथा-संपादक. चाळिशी उलटल्यावर, 1962 मध्ये, फ्लोरिडाला सराव सामन्यांवर लिहायला गेले आणि पत्रकारांच्या कक्षाऐवजी प्रेक्षकांत जाऊन बसले. त्याच मोसमात नवखा मेट्स संघ 120 सामने हरला, आणि यांचा जीव जडला तो नेमका त्याच्यावर! सामना संपताच बातमी धाडायची घाई नाही; आपल्याकडच्या क्रीडा-वार्ताहरांना हेवाच वाटेल.

1981 च्या एका लेखापाशी मी रेंगाळलोय. येलच्या मैदानावर रॉन डार्लिंग हा विद्यार्थी अकरा डाव एकही हिट देत नाही आणि बाराव्यात 1-0 असा हरतो. एंजेलसोबत बसलेत एक्क्याण्णव वर्षांचे स्मोकी जो वुड. 1912 मध्ये या पिचरने 34 सामने जिंकले होते. पुढच्याच वर्षी अंगठा मोडला, खांदा दुखरा झाला तो झालाच. नंतर ते क्लीव्हलँडकडून आउटफिल्डर म्हणून खेळले.

त्या पोराचे चेंडू बघताना वुडना काय वाटलं असेल? हेवा? की नुसतीच ओळख पटली? मी तेवढंच पान पुन्हा पुन्हा उघडतोय. एंजेल स्वतः 101 वर्षं जगले, 2022 मध्ये गेले. त्यांची बाकी पुस्तकं मागवावीत का, अजून ठरत नाही.