सांगणारा आपल्यातला हवा



आज बी-बियाण्यांऐवजी एच.आय.व्ही.विषयी चार शब्द लिहितो आहे. 'शेतीखात्याच्या माणसाला याचे काय?' असे तुम्ही म्हणाल. पण नवी गोष्ट गावाला कशी पटते, हे पाहण्यातच माझी नोकरी गेली. हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा, हे सभेत कितीही सांगा, ऐकणारे चार. मात्र शेजाऱ्याच्या रानात मर कमी दिसली की पुढच्या हंगामात सारी आळी विचारायला येते. आरोग्याचेही तसेच आहे.

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली मद्रासला झाली. पुढे भिंतीभिंतीवर कवटीची चित्रे आली. लोक भ्याले. भ्यालेला माणूस तपासणीला जात नाही, तो लपतो.

सांगलीत १९९२ साली 'संग्राम' संस्थेने वेगळी वाट धरली. देहविक्री करणाऱ्या बायकांना बाहेरच्यांनी उपदेश करायचा नाही; त्यांच्यातल्याच बायकांनी निरोध वाटायचे, गिऱ्हाइकाला कसे अडवायचे ते एकमेकींना सांगायचे. १९९६ साली त्यातूनच त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. कलकत्त्याच्या सोनागाछीतही १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांनी हीच रीत चालवली. ज्यांना समाजाने नावे ठेवली, त्याच बायका शिकवणाऱ्या झाल्या.

आता आपल्याकडे पाहा. एकच भाषण सगळीकडे चालत नाही. ऊसतोडीच्या टोळीला दुपारी गाठाल तर कोप्या रिकाम्या, माणसे फडात. त्यांना संध्याकाळी चुलीपाशीच भेटावे लागते. मुकादम समोर असला की बायका पदर पुढे ओढून गप्प बसतात. टोळीतलीच एखादी जाणती बाई बोलू लागली की शंका बाहेर पडतात. तांड्यावर आधी नायकाला भेटावे, आणि सांगणाराही गोरमाटी बोलणारा असावा. ट्रकवाल्याला ढाब्यावर दुसऱ्या ट्रकवाल्याने सांगितलेले पटते.

आणखी एक गोष्ट मनाला लावून घ्या. 'बदफैली माणसाचा रोग' असे आपण म्हणतो, तेव्हा घरातली सरळमार्गी सून तपासणीला जायची लाजते. तिला लागण नवऱ्याकडून झालेली असते, दोष मात्र तिच्या माथी येतो. गरोदरपणी वेळेवर तपासणी आणि उपचार झाले, तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पाचाच्याही खाली आणता येतो. आपल्या एका शब्दापायी ती दवाखान्यात गेली नाही, तर त्याची किंमत तिचे लेकरू मोजते.

साध्या गोष्टी घरात बोला. लागण होते ती असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्त वा सुईतून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका पाणवठ्यावर पाणी भरल्याने किंवा डास चावल्याने होत नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत आहे. २००४ पासून औषधेही मोफत मिळू लागली. ती रोज, जन्मभर घ्यावी लागतात. पण नेमाने घेणारा माणूस पुष्कळ वर्षे जगतो, शेती करतो. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तपासणीचे नाव फोडणे २०१७ च्या कायद्याने मना आहे. विचारायचे असेल तर १०९७ हा फोन फुकट आहे.

गावात कार्यक्रम ठरवताना बाहेरून वक्ता आणण्याआधी वस्तीवस्तीवर चौकशी करा : इथले लोक कुणाचे ऐकतात? आशाताई, बचतगटातली बाई, तालमीतला वस्ताद, टोळीतली आजी. त्यांना आधी नीट माहिती द्या. मग त्यांच्या वेळेला, त्यांच्या बोलीत त्यांनाच बोलू द्या. आपण मागच्या रांगेत बसावे.