ताकायामा आणि एक श्लेष
जपानच्या गिफु प्रांतीं, डोंगरांच्या कुशींत, मियागावा नदीकांठीं जुन्या लांकडी घरांचें ताकायामा वसलें आहे. होनोबु योनेझावा ह्यांच्या २००१ सालीं सुरू झालेल्या कादंबरीमालेंतील ‘कामियामा’ ह्याच गांवावरून घडलें. क्योतो ॲनिमेशन संस्थेच्या २०१२ च्या चित्रमालिकेंत येथील पूल व गल्ल्या सहज ओळखूं येतात. २०१७ सालीं बोलपटही निघाला.

कथेंत शाळेच्या अभिजात-साहित्य-मंडळाचीं मुलें ३३ वर्षांपूर्वीं शाळा सोडावी लागलेल्या एका विद्यार्थ्याचा माग काढतात. सर्वांचा दोष शिरावर घेऊन तो गेला. मंडळाच्या अंकास मात्र त्यानें नांव दिलें ‘ह्योका’, अर्थात् आइस्क्रीम. संस्कृत पढलेल्यांस श्लेष नवा नाहीं. पण हा इंग्रजीतला आहे: आय स्क्रीम, मी आक्रोश करतों. इतकीं वर्षें तो कोणा गुरुजींसही उकलूं नये, हें माझ्यासारख्या जुन्या मास्तराच्या जिव्हारीं लागतें.