कागदावर जन्मलेली माणसं

कोथरूडमध्ये राहून कंपनी कायदा शिकणाऱ्याने डहाणूकर कॉलनीजवळच्या कमिन्सच्या कारखान्याकडे एकदा विद्यार्थी म्हणून बघावं. १९६२ साली ही कंपनी ‘किर्लोस्कर कमिन्स’ म्हणून नोंदली गेली. पुढे किर्लोस्करांनी हिस्सा विकला, नाव बदललं, पहिल्या पिढीचे कामगार निवृत्त झाले. कंपनी मात्र तीच राहिली. २०१३च्या कंपनी कायद्याचं नववं कलम हेच सांगतं. नोंदणी झाली की सभासद येवोत-जावोत, कंपनी टिकते. तिच्या नावावर जमीन होते, तिच्यावर दावा होतो.

वर्गात हा धडा सॉलोमनपासून सुरू होतो. लंडनच्या या बूटवाल्याने १८९२ मध्ये आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. तेव्हा सात सभासद लागत, म्हणून बायकोला आणि पाच मुलांना एकेक शेअर दिला. विक्रीच्या रकमेपोटी तारणी डिबेंचरही घेतले. धंदा बुडाला. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं: सॉलोमन वेगळा, कंपनी वेगळी. उधारीवर माल देणाऱ्यांच्या हाती काहीच लागलं नाही. हा निकाल वाचून अस्वस्थ न होणारा विद्यार्थी मला काळजीत टाकतो.

पण मग ली भेटतो. न्यूझीलंडचा वैमानिक, विमानातून शेतांवर खत टाकणारा. त्याच्या कंपनीच्या तीन हजार शेअरपैकी २,९९९ त्याचेच, सर्वाधिकारी संचालकही तोच. १९५६ मध्ये काम करताना विमान कोसळलं आणि तो गेला. त्याच्या पत्नीने कामगाराची विधवा म्हणून भरपाई मागितली. मालकच कामगार कसा, असा सवाल झाला. प्रिव्ही कौन्सिलने १९६० मध्ये उत्तर दिलं: मालक कंपनी होती, ली तिचा नोकर. बाईंना भरपाई मिळाली. ज्या तत्त्वाने उधारीवाले उघडे पडले, त्याच तत्त्वाने एक घर सावरलं!

म्हणून परीक्षेसाठी केसचं नाव आणि साल पाठ करून हा विषय हाती लागत नाही. प्रत्येक निकालात कंपनी आणि तिच्यामागची माणसं यांच्यामधल्या पडद्याच्या कोणत्या बाजूला कोण उभं होतं, हे शोधावं लागतं. २०१३च्या कायद्याचं १६६वं कलम संचालकांना भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचंही भान ठेवायला सांगतं. बेअर अ‍ॅक्टमधल्या त्या चार ओळी भांडवलाच्या प्रकरणाआधी शिकवाव्यात, असं मला मनापासून वाटतं.