थांग

रायपूर हे समुद्रापासून फार दूरचे शहर. मुंबईहून रेल्वेने तेथे पोहोचावयाचे तर अकराशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे आला, तेव्हापासून या शहरात मराठी कुटुंबे आहेत. पुढे नोकरीनिमित्त आणखी आली. अशाच एका घरातील वृद्ध गृहस्थ मूळचे देवगडकडचे. रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झालेले. हिंदी शाळेत जाणाऱ्या नातीने एकदा त्यांना विचारले, "आजोबा, अथांग म्हणजे अथाहच ना? मग थांग म्हणजे काय?"

आजोबांनी शब्दकोश उघडला नाही. त्यांनी कपाटातून तंगुसाची जुनी गुंडाळी काढली, तिची गरी सोडविली आणि नुसते शिसे बांधलेला दोर परसातल्या विहिरीत सोडून तो नातीच्या हाती दिला. दोर ताणलेला होता. एका क्षणी तो सैल पडला. "हा थांग," ते म्हणाले. मग दोर वर घेत त्यांनी तो दोन्ही हात फैलावून मोजला. असे एक माप म्हणजे एक वाव. विहीर पाच वाव भरली.

समुद्रात याच मापाने गरवणे चाले. बुडालेल्या कातळाच्या आसपास होडी नांगरावयाची, आमिष लावलेली गरी तळापर्यंत सोडावयाची, आणि शिसे टेकताच ती हातभर वर उचलून धरावयाची. नाही तर गरी खडकात अडकते. शिसे कातळावर पडले की बोटांना टणक ठोका जाणवतो. चिखलावर पडले तर ते गपकन बसते आणि वर घेताना जड लागते. हेकरू गरीला लागताच कपारीकडे धाव घेतो. पहिल्या क्षणी त्याला तळापासून वर उचलले नाही, तर दोर कातळावर घासून तुटतो. न दिसणारा तळ असा बोटांनी वाचावयाचा असे.

"आता कोण मोजते?" नातीने विचारले.

आता खोली यंत्राच्या पडद्यावर आकड्यांत उमटते, आणि ट्रॉलरचे जाळे तळ खरवडीत पुढे जाते. पारंपरिक मच्छीमारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने 1981 साली कायदा केला. तरीही किनाऱ्यावरचे भांडण मिटले नाही. आजोबांच्या धाकट्या भावाने एका वर्षी होडी विकली. पत्रात त्याने एवढेच कळविले. कारण लिहिले नाही, आणि यांनी विचारले नाही. आता तो भाऊही राहिलेला नाही.

"त्याच्या मनाचा मला थांग लागला नाही," आजोबा म्हणाले. तो शब्द आपण कोठून उचलला, हे बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले असावे. कारण ते बराच वेळ गप्प राहिले.

जुने खलाशी शिशाच्या बुडाला चरबी लावीत. तिला चिकटून आलेल्या वाळूवरून तळ ओळखीत. नातीने दोर गुंडाळला. शिशाला विहिरीतला काळा गाळ लागला होता. तो तिने पुसला नाही.