भिंत बसली, धाबं उभं आहे

ती. दादांस,


लाकडाच्या व्यापाऱ्याचा तुम्हाला फोन आल्याचं कळलं. परवा तो इथे येऊन खांब मोजून, घनफुटाचा भाव सांगून गेला. सोबतच्या इंजिनिअरने भेगा पाहून घर धोक्याचं ठरवलं. म्हणून हे पत्र.

श्रावणात मागची भिंत बसली, त्याचा फोटो तुम्ही पाहिलात. फोटोत धाबं आलं नव्हतं. आईची दिव्याची देवळी ढिगाऱ्यात गेली, वरची एक कडीही हलली नाही. कारण आपल्या घराचा भार भिंतीवर नाहीच. तळखड्यावर सागाचा खांब, खांबाचं कुसू तुळईच्या खोबणीत, त्यात सागाचीच खुंटी; तुळईवर कड्या, कड्यांवर चिपा, पळसाची पानं, चिखल. भिंत नुसता आडोसा. आपली काळी माती वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत भिंत तडकते, लाकडाचा सांधा थोडा सैल होऊन सावरून घेतो. विलायतेतल्या जुन्या सराया अशाच, ओकाचा सांगाडा आणि कुडाच्या भिंती.

धाब्यावरची खारी माती तर आपल्या खारपाणपट्ट्याचीच. जी माती विहिरीचं पाणी तोंडात धरू देत नाही, तीच ओली झाली की विरघळून बारीक छिद्रं बुजवते. गवतही धरत नाही. खारेपणाचा आपल्याला झालेला एवढाच उपयोग!

आता मुद्द्याचं. शेजारची धर्मशाळा पणजोबांनी बांधली तेव्हा मधल्या भिंतीत एकच तुळई टाकली, दोन्हीकडचं ओझं घेणारी. पौषातल्या रविवारी ऋणमोचनच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या इथे सुटायच्या. कोपऱ्यातल्या खांबावर कासऱ्यांनी पडलेली खाच अजून आहे, बोट आत बसतं. आपले खांब विकले की धर्मशाळाही खाली येईल, आणि ती काही आपल्या एकट्याची नाही. आपल्याच जिल्ह्यात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला परक्या माणसांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी साधी झोपडीही बांधली नाही. त्यांच्या मुलखात आपण एक मोडायची?

शिवाय असं अखंड लाकूड पुन्हा मिळायचं नाही. मेळघाटातून आणावं, तर तो 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पैशांची अडचण मला कळते. शिराळ्याच्या बाजूचं वावर मक्त्याने देऊन यंदाचं भागवू.

भिंत मातीचीच घालायची, सिमेंटची नको. सिमेंट ओल कोंडतं आणि खांबाचा पाय कुजतो. मिस्त्री सांगून ठेवला आहे, खाऱ्या मातीच्या दोन ट्रॉल्याही. व्यापाऱ्याला आजच नाही म्हणून कळवा आणि मृगाआधी चार दिवस काढून या.

तुमचा,
धाकटा