बंद केलेला सतरा

पहाटे पाचला सर्व्हिस रीस्टार्ट करायची, हा उपाय आमच्यापैकी कुणी चारचौघांत सांगितला नसता. पण चार महिने तोच चालला होता. काम तसं साधं. लोक मोबाइलवरून कागदपत्रांचे स्कॅन पाठवायचे, आमचा प्रोग्रॅम ते घ्यायचा आणि पीडीएफ करायला एक बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा. सकाळी सगळं सुरळीत. मग कधीतरी एक कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन तिथेच बसायचा, आणि गर्दी नसतानाही कुणाकुणाचं अपलोड मध्येच तुटायचं.

एका बुधवारी ठरवलं, आज रीस्टार्ट नाही. प्रोग्रॅम कर्नलला काय काय विचारतो ते दाखवणारा एसट्रेस लावला. पडद्यावर एकच ओळ धो धो कोसळत होती: ईपोल-वेट, उत्तर १. ईपोल-वेट, उत्तर १.

हजारो कनेक्शनं सांभाळणारा प्रोग्रॅम प्रत्येकाला ‘काही आलंय का’ असं विचारत हिंडत नाही. तो कर्नलकडे प्रत्येक कनेक्शनचा नंबर नोंदवतो आणि झोपतो. काही आलं की कर्नल उठवतो. लिनक्समध्ये ही सोय म्हणजे ईपोल, दाविदे लिबेन्झी याने लिहिलेली आणि २००२ साली कर्नलमध्ये आलेली. आमच्या प्रोग्रॅमला मात्र झोप म्हणून लागत नव्हती. दर खेपेला उठवणी त्याच नंबरासाठी: १७. निरोपही तोच, पलीकडच्याने लाइन बंद केली आहे.

“पण सतरा आपण कधीच बंद केलाय गं,” शेजारचा सहकारी म्हणाला. खरं होतं. प्रोसेसच्या उघड्या फाइल डिस्क्रिप्टरांच्या यादीत १६ नंतर थेट १८. आणि ईपोलची स्वतःची नोंद पाहिली तर तिथे १७ मांडी घालून बसलेला.

“मग काढून टाक नाव.”

डीबगर जोडून तेही केलं. उत्तर आलं ईबॅडएफ, म्हणजे असा नंबरच अस्तित्वात नाही. वारलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला जावं आणि खिडकीवरच्या साहेबांनी ‘त्यांनाच सहीला घेऊन या’ म्हणावं, तसं झालं. आम्ही दोघंही हसलो, पण फार वेळ नाही.

उत्तर ईपोलच्या मॅन्युअलमध्येच होतं, खाली प्रश्नोत्तरांत. ते पान आम्ही सगळ्यांनी वाचलेलं, पण नमुन्याचा कोड सापडेपर्यंतच. फाइल डिस्क्रिप्टर हा नुसता आकडा. त्यामागची खरी उघडी वस्तू कर्नलच्या ताब्यात असते आणि एकाच वस्तूकडे अनेक आकडे बोट दाखवू शकतात. फोर्क करून नवी प्रोसेस काढली की त्या मुलाला सगळे आकडे मिळतात, वस्तू मात्र सामायिकच राहते. ईपोलमधली नोंद आपोआप जाते ती त्या वस्तूवरचा शेवटचा आकडा बंद झाल्यावर. आपला आकडा बंद केल्यावर नव्हे.

म्हणजे शेवटचा आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता. एसएस कमांडमध्ये एक सॉकेट, म्हणजे तेच कनेक्शन, क्लोज-वेटमध्ये अडकलेलं दिसलं, आणि ते धरून बसली होती पीडीएफ करणारी एक प्रोसेस. एका खराब स्कॅनवर ती सकाळपासून लटकली होती. त्या सॉकेटशी तिला काही देणंघेणं नव्हतं. वारशात मिळालं म्हणून होतं. तिला किल केलं. कोअर त्या क्षणी शांत झाला.

अपलोड का तुटायची, हे जेवताना सुचलं. कर्नल नव्या कनेक्शनला सर्वांत लहान मोकळा आकडा देतो. तो १७ असला, की जुन्या सतराचा ‘लाइन बंद’ हा निरोप आमचा कोड नव्या सतराला लावायचा आणि भल्या माणसाचं कनेक्शन तोडून मोकळा व्हायचा. चार महिने आम्ही लोकांना ‘तुमचं नेटवर्क तपासा’ सांगत होतो. त्याची लाज अजून वाटते.

माझ्या मॅकवर हे कधीच का घडलं नाही, तेही कळलं. तिथे ईपोलच्या जागी केक्यू आहे, फ्रीबीएसडीत २००० साली आलेला. त्यात आकडा बंद केला की त्याची नोंदही जाते. माझं मत विचाराल तर हेच शहाणपणाचं. ईपोलचं वागणं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही.

दुरुस्ती तीन-चार ओळींची. बंद करण्याआधी ईपोलमधून नाव काढायचं, आणि कनेक्शन घेतानाच क्लोज-ऑन-एक्झेक लावायचं, म्हणजे बाहेरचा प्रोग्रॅम सुरू होताना ते सॉकेट त्याच्याकडे उरत नाही. दुसरं पुरेसं आहे असं सहकाऱ्याचं म्हणणं होतं. पण फोर्क आणि एक्झेक यांच्यामध्ये एक बारीक फट राहतेच, म्हणून मी दोन्ही ठेवले.

पहाटे पाचची क्रॉनमधली ओळ काढायला गेले तेव्हा तो म्हणाला, “पुसू नकोस, नुसती कॉमेंट कर.” मी कॉमेंट केली.