मे यामो

"स्पॅनिश एकदम सोपी आहे रे, लिहितात तसंच वाचायचं, आपल्या देवनागरीसारखं!" स्पॅनिशच्या क्लासला जाणारा कुणीही पहिल्या आठवड्यात हे वाक्य टाकतोच. ते बरंचसं खरंही आहे. स्वर पाचच, आणि ते पाचही आपल्या ओळखीचे. खरी गंमत व्यंजनांपाशी सुरू होते, आणि माझं मत विचाराल तर तिथे आपल्याला मराठी अडवत नाही, अडवते ती इंग्रजी.

साधा 'त' घ्या. स्पॅनिशमधला त हा आपल्या ताकातला त, जीभ सरळ दातांना टेकवून काढलेला. पण रोमन लिपीतलं टी दिसलं की इंग्रजी शाळेत घोटवलेली आपली जीभ आपोआप वर वळते आणि 'टाको', 'टोर्टिला' असं बाहेर पडतं. मूळ शब्द आहेत ताको आणि तोर्तिया. टोमॅटोचा तोमाते. प, त, क म्हणताना इंग्रज लोक हवेचा जो फुसकारा सोडतात तोही इथे नाही. अमेरिकन माणसाला हा फुसकारा मोडायला महिने लागतात. आपल्याकडे प आणि फ, त आणि थ वेगळे ठेवायची सवय पाळण्यापासून असते. म्हणजे माल घरात आहे, फक्त तो बाहेर काढायचं धाडस पाहिजे.

र चंही तेच. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. पहिल्यात जिभेचं टोक एकदाच टाळूला टिचकी मारून येतं, 'करा' मधल्या र सारखं. दुसऱ्यात ते दोन-तीनदा थरथरतं. इंग्रजी बोलणाऱ्यांना यासाठी आरशासमोर उभं राहून काय काय व्यायाम करावे लागतात. मराठी माणसाने फक्त 'चिमणी भुर्रकन उडाली' म्हणावं, की झालं. भुर्र, टर्र, सर्रकन, गुर्रगुर्र... एवढी इस्टेट आहे आपल्याकडे! एवढंच लक्षात ठेवायचं की शब्दाच्या सुरुवातीचा र सुद्धा असाच थरथरवतात, तिथे तो एकेरी लिहिला तरी. रोसा नावाच्या बाईंना हाक मारताना थोडं भुर्र करा.

ब आणि व मध्ये मात्र आपला सगळा हिशोब चुकतो. रोमनमध्ये अक्षरं दोन, उच्चार एकच. त्यामुळे तिकडे शुद्धलेखन सांगताना "बुर्रोचा की बाकाचा?" असं विचारतात, म्हणजे गाढवातला की गायीतला. शब्दाच्या सुरुवातीला तो चक्क ब असतो, दोन स्वरांच्या मधे आला की ओठ नीट मिटतच नाहीत आणि ब-व च्या मधलं काहीतरी निघतं. द आणि ग पण असेच स्वरांमध्ये सापडले की ढिले पडतात. नदालच्या नावातला द म्हणताना जीभ दातांना टेकवायची पण दाबायची नाही, हवा जाऊ द्यायची. हे जमायला वेळ लागतो. नाही जमलं तरी कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते ञ शी. बालवाडीच्या तक्त्यावर च-छ-ज-झ नंतर बसलेलं आणि पुढे आयुष्यात कधी न भेटलेलं हे अक्षर स्पॅनिशमध्ये एकदम व्हीआयपी होतं. लिहिताना एन वर एक लाटेसारखी रेघ. जुने लेखनिक दोन एन लिहायचा कंटाळा करून एकावरच छोटी खूण करत, तिचीच ही रेघ झाली. 'आञो' म्हणजे वर्ष. रेघ खाल्लीत तर 'आनो', म्हणजे गुदद्वार. आता "माझं वय तीस आहे" हे स्पॅनिशमध्ये "माझ्याकडे तीस वर्षं आहेत" असं सांगतात. पुढची कल्पना तुम्हीच करा. कीबोर्डवाल्यांनी तर ही रेघ खायचा घाट घातलाच होता. हे अक्षर नसलेले संगणक विकायला स्पेनमध्ये बंदी होती, ती उठवा म्हणून १९९१ साली युरोपियन समुदायाने दबाव आणला. स्पेनने १९९३ साली नवा हुकूम काढून अक्षर राखलं. एका रेघेसाठी सरकार उभं राहतं हे वाचून, फॉन्टच्या भानगडीत जोडाक्षरं तुटलेली मुकाट वाचलेल्या आपल्या पिढीला हेवा वाटेल.

मग येतो जे. पिझ्झाच्या मेनूवरचा 'जालापिनो' खरं तर 'खालापेञो'. हा ख आपल्या खमंगातला नाही, गझलेतल्या 'आख़िर' मधला घासून काढलेला. उत्तर स्पेनमध्ये तो घसा खाकरल्यासारखा, कॅरिबियनकडे जाईपर्यंत साधा ह. पण हा ख मुळात ख नव्हताच. सोळाव्या शतकापर्यंत तो श होता आणि बऱ्याचदा एक्स ने लिहीत. १६०५ साली छापून आलेला 'दोन किखोते' तेव्हा 'किशोते' च्या जवळचा होता. फ्रेंच आणि इटालियन लोकांनी तो श अजून ठेवलाय.

आणि आता आपल्या दारात या. मुंबईचं सेंट झेवियर्स. ज्यांच्या नावाचं हे कॉलेज, ते फ्रान्सिस १५०६ साली नावार्रात खाब्येर नावाच्या किल्ल्यात जन्मले. नाव मूळचं बास्क भाषेतलं, अर्थ नवं घर. (म्हणजे आपल्याकडचे नवघरेच की!) १५४२ साली ते गोव्याला आले तेव्हा हे नाव श ने म्हणत. स्पॅनिशमध्ये पुढे त्याचा ख झाला, इंग्रजांनी त्याचा झ केला आणि तोच आपण उचलला. पोर्तुगीजमध्ये मात्र आजही 'शाव्हियेर' आहे, आणि गोव्याच्या कोंकणीतही तो श कानावर पडतो. म्हणजे त्या नावाचा जुना उच्चार ऐकायचा तर माद्रिदला जायची गरज नाही, ओल्ड गोव्याला चर्चबाहेर उभं राहिलं तरी पुरे.

थोडक्यात, आज 'शुद्ध' म्हणून शिकवतात ते कालचं घसरलेलंच असतं. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे जोड-एल. हा पूर्वी 'ल्य' सारखा होता. अँडीजकडे, पॅराग्वेत आणि स्पेनच्या काही भागांत अजून आहे. बाकी बहुतेक सगळीकडे त्यातला ल गळून नुसता य उरला. पोर्तुगीजमधून आपल्याकडे चावी आली ना, तिची स्पॅनिश बहीण एकेकाळी 'ल्यावे' होती, आता 'यावे' आहे. माद्रिदमधली अकादमीसुद्धा हा य सुशिक्षितांचाच उच्चार मानते. पुण्यातल्या हॉटेलात "पाएला नव्हे हो, पाएया!" असं वेटरला ऐकवणारे लोक मी पाहिलेत.

आमच्या टीममध्ये बुलढाण्याकडचा एक जण होता. तो शाळेला शाया म्हणे, डोळ्याला डोया. पाणी अर्थात पानी. कॅंटीनमध्ये त्यावर रोज हशा व्हायचा. काही दिवसांनी तो जेवायला उशिरा यायला लागला, आणि बोलायचाही कमी. ळ आणि ल्य हे काही एक नव्हेत, एकात जीभ मागे वळते तर दुसऱ्यात टाळूला सपाट चिकटते. पण ल चं अंग सोडून य व्हायची चाल तीच. ती बुलढाण्यात झाली की गावंढळ, आणि माद्रिदात झाली की क्लासची फी.

स आणि थ चीही तीच गोष्ट. स्पेनच्या बऱ्याच भागात 'ग्राथियास', अख्ख्या लॅटिन अमेरिकेत 'ग्रासियास'. कुणी राजा बोबडा होता म्हणून दरबार थ म्हणू लागला, ही कथा बनावट आहे. बोबडा असता तर सगळेच स थ झाले असते, आणि स्पेनमध्ये स सुद्धा जागच्या जागी आहे. तिथे पूर्वी आपल्या 'चोर' मधल्या च सारखा एक उच्चार होता. कास्तीयमध्ये त्याचा थ झाला, दक्षिणेत सेव्हिलकडे तो स शी मिळून गेला, आणि अमेरिकेची जहाजं सुटत ती सेव्हिलहून.

तर तो आमचा बुलढाणेकर. मेक्सिकोच्या क्लायंटसाठी आम्हा सात-आठ जणांना स्पॅनिशच्या शिकवणीला बसवलं. पहिल्याच तासाला पहिलं वाक्य, "माझं नाव अमुक", सुरुवात जोड-एलनेच. बाकीचे 'मे लामो', 'मे ल्लामो' करत असताना तो सरळ "मे यामो" म्हणाला. त, द, र सगळं जागच्या जागी. इंग्रजी मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणाऱ्या त्याला बाईंनी उभं करून सगळ्यांकडून त्याच्यामागून म्हणून घेतलं.

आता तो बुएनोस आयरेसच्या टीमबरोबर असतो. तिकडे त्या य चाही श झालाय, 'मे शामो' म्हणतात. त्याने तेही उचललंय. घरी फोन करायला तो अजून जिन्यात जातो.